‘जायलो’ शुद्ध की अशुद्ध?

पूर्णा आणि नांदेड यांच्यामध्ये चुडावा हे रेल्वे स्टेशन आहे. तिथे कुणी “कुठं जायलास?” असे विचारले, तर “नांदेडला जायलो” असेच उत्तर येते. पुस्तकातली मराठी मात्र “जात आहे” म्हणते. मग आमचे ‘जायलो’ अशुद्ध समजायचे काय?

त्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले १९११ साली. त्या सगळ्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. दरबारी कामकाज आधी फारसीत, मग उर्दूत चाले. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले आणि १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो. म्हणजे मराठीचे नियम ठरत होते, तेव्हा आमची बोली त्या पंगतीला नव्हतीच.

आता हे क्रियापद उलगडून पाहू. ‘करायला लागलो’ झिजून ‘करायलो’ झाले. नांदेडकडे ‘करू लागलो’चे ‘करूलालो’ झाले. प्रमाण मराठीत ‘लागणे’ म्हणजे सुरुवात. आमच्याकडे मात्र त्याचा अर्थ काम चालू आहे असा होतो. पुण्या-मुंबईकडचे ‘करतोय’ तरी काय आहे? ‘करतो आहे’ हेच तोंडात झिजले. झीज दोन्हीकडे सारखीच, पण एकीला प्रतिष्ठा मिळाली आणि दुसरीला हसू. आमच्या घरातल्या दखनीत ‘कर रहे’चे ‘कररे’ होते आणि इंग्रजांच्या बोलण्यात ‘गोइंग टू’चे ‘गॉना’. रोजच्या वापरातले शब्द झिजतात, हा साऱ्याच भाषांचा स्वभाव आहे.

माझ्या एका कवितेतले ‘जायलो’ एका संपादकांनी ‘जात आहे’ असे सुधारले. अर्थ तोच राहिला, पण ओळ लंगडली आणि बोलणारा शेतमजूर एकदम कारकून झाला.

अर्जात, पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी हवीच. सगळ्या मुलखाला समजणारी एक रीत लागतेच. पण प्रमाण म्हणजे शुद्ध आणि बोली म्हणजे अशुद्ध, हे समीकरण कुठल्याही शास्त्रात बसत नाही. ‘जायलो’लाही पुरुष, लिंग, वचन यांचे नियम आहेत. पुरुष ‘जायलो’ म्हणतो, बाई ‘जायले’ म्हणते. यात कुणी गोंधळत नाही.

“मी अभ्यास करायलो” म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसला, की ते पुढे हात वर करत नाही. त्याला “तू चुकलास” म्हणू नये. “हे आपले बोलणे, आता लिहायची रीत शीक” एवढे म्हटले तरी पुरे.