चेपॉकचा लिलाव: नवाबाचं कर्ज आणि आपला हप्ता



चेपॉक म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? क्रिकेटचं मैदान. पण त्या मैदानाच्या अगदी शेजारी, समुद्राच्या बाजूला, झाडांआड एक जुनी लाल इमारत आहे. घुमट, कमानी, आत सरकारी कचेऱ्या. एके काळी हा अर्काटच्या नवाबाचा राजवाडा होता. आणि हा राजवाडा कर्जापायी लिलावात गेला. आजची गोष्ट त्या कर्जाची आहे. त्यात आपले तंजावरचे मराठेही नाहक भरडले गेले, म्हणून ती आपल्याही घरची आहे.

ही गोष्ट आत्ता का आठवली, ते आधी सांगतो. माझा एक शाळासोबती, मूळचा सांगलीचा, पंधरा वर्षांपासून चेन्नईत आहे. संगणकाच्या कंपनीत नोकरी. शहराच्या दक्षिणेला, केळंबाक्कमच्या बाजूला त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मागे मी त्याच्याकडे उतरलो होतो. सकाळी चहा घेताना त्याने तमिळ वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. पानभर बारीक अक्षरांतल्या नोटिसा. मला तमिळ येत नाही. तो बोट ठेवून म्हणाला, "हा शब्द वाच. ‘जप्ती’. आपलाच शब्द आहे. आणि हा ‘एलम’, म्हणजे लिलाव." मग थोडं थांबून म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमचं नाव असेल इथे."

नोकरी गेली होती. गाडीचा हप्ता होता, क्रेडिट कार्ड होतं, ते फेडायला काढलेलं आणखी एक कर्ज होतं. आपण लगेच काय म्हणतो? अंथरूण पाहून पाय पसरावेत. मीही मनात तेच म्हणालो. दुपारी तो मला चेपॉक दाखवायला घेऊन गेला, आणि तिथे उभं राहिल्यावर मला वाटू लागलं की ही म्हण अर्धीच गोष्ट सांगते.

तर चला अठराव्या शतकात.

मुहम्मद अली वालाजाह हा कर्नाटकचा नवाब. 1749 मध्ये त्याने नवाबीवर हक्क सांगितला आणि इंग्रजांच्या पाठबळावर, फ्रेंचांशी लढून, ती टिकवली. पण इंग्रजांनी ही मदत फुकट केली नव्हती. लढायांचा खर्च त्यांनी नवाबाच्या नावे मांडला. 1760-61 मध्ये पाँडिचेरीला वेढा घातला इंग्रजांनी, आणि त्याचं बिलसुद्धा गेलं नवाबाकडे. म्हणजे कर्जाची पहिली मोठी रक्कम चैनीची नव्हती. गादीवर बसवल्याची ती किंमत होती.

चैन नव्हती असं मात्र नाही. 1768 च्या सुमारास नवाबाने मद्रासच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर चेपॉकचा वाडा बांधला आणि दरबार तिथे आणला. वाड्याचा आराखडा पॉल बेनफिल्ड नावाच्या इंग्रजाचा, असं सांगतात. हे नाव लक्षात ठेवा.

आता या कर्जाची यंत्रणा समजून घेऊ. कंपनीला पैसे द्यायचे, पण तिजोरीत नाहीत. मग नवाब उसने घेणार कोणाकडून? कंपनीच्याच नोकरांकडून, वैयक्तिक. सुरुवातीला व्याज वर्षाला 30 टक्क्यांच्याही वर. पुढे कंपनीने ते 10 टक्क्यांवर आणलं. तारण काय? गावांचा महसूल. पेशवाईच्या कागदांत ‘वरात’ हा शब्द येतो. लग्नाची वरात नव्हे, अमुक परगण्याच्या वसुलातून अमुक रक्कम याला द्यावी, असा हुकूम. नवाब अशा वराता वाटत सुटला. सावकाराचा माणूस वरात घेऊन गावात जायचा आणि पीक उभं असतानाच वसुली मागायचा. शेतकरी ते देण्यासाठी गावच्या सावकाराकडून कर्ज काढायचा. नवाबाचं कर्ज असं झिरपत झिरपत बांधावर पोचलं. जुन्याचं व्याज द्यायला नवं कर्ज, आणि दर काही वर्षांनी सगळ्याची मोट बांधून नवा कागद. अशी मोट 1767 मध्ये बांधली गेली, पुन्हा 1777 मध्ये.

देणेकऱ्यांना मुद्दल परत हवं होतं का? माझ्या मते फारशी घाई नव्हती. एवढं व्याज देणारं कूळ कोण सोडेल?

आणि मग नवाबाची नजर गेली तंजावरवर. कावेरीचं खोरं, भाताचं कोठार. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं होतं. आता गादीवर तुळजाजी होते. खंडणी थकली हे निमित्त झालं. 1771 मध्ये तंजावरला वेढा पडला. दोनच वर्षांनी, 1773 मध्ये, कंपनीच्या फौजेने शहर घेतलं, राजाला कैद केलं आणि राज्य नवाबाच्या हवाली केलं. नवाबाने काय केलं? तंजावरच्या पिकावरही वराता दिल्या. म्हणजे कर्ज मद्रासला, जप्ती तंजावरला!

लंडनला हे पटलं नाही. जॉर्ज पिगट यांना गव्हर्नर करून पाठवलं आणि एप्रिल 1776 मध्ये त्यांनी तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवलं. त्याबरोबर एक माणूस दावा घेऊन उभा राहिला. कोण? पॉल बेनफिल्ड. वर्षाला काहीशे पौंड पगार घेणारा कंपनीचा नोकर. त्याचं म्हणणं, तंजावरच्या महसुलावर आणि पिकावर माझे सुमारे 2 लाख 34 हजार पौंड आहेत! पिगट यांनी विरोध केला. पण मद्रासच्या कौन्सिलातली बहुसंख्य मंडळी बेनफिल्डच्या बाजूला गेली. 24 ऑगस्ट 1776 रोजी त्यांनी आपल्याच गव्हर्नराला रस्त्यात अटक करवली आणि सेंट थॉमस माउंटवर ठेवलं. चेन्नईच्या विमानतळाकडे जाताना दिसते तीच ही टेकडी. मे 1777 मध्ये पिगट अटकेतच वारले.

प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेलं. 1784 मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की नवाबाचं कर्ज, फारशी चौकशी न करता, कर्नाटकच्या महसुलातून फेडायचं. दरवर्षी 12 लाख पॅगोडा. 28 फेब्रुवारी 1785 रोजी एडमंड बर्क यांनी त्याविरुद्ध प्रचंड मोठं भाषण केलं. त्यांचा मुद्दा साधा होता. घेणारा नवाब, देणारे कंपनीचे नोकर, आणि फेडणार कोण? ज्याने ना घेतलं ना दिलं, तो शेतकरी. पैसा हप्त्यांत जातो आहे आणि मुलखातली तळी गाळाने भरताहेत, बांध फुटताहेत, हेही त्यांनी सांगितलं. भाषण गाजलं, ठराव पडला.

पुढची गंमत ऐका. न विचारता पैसे मिळतात म्हटल्यावर नवे दावे उगवू लागले. 1801 मध्ये कंपनीने कर्नाटकचा कारभार ताब्यात घेतला आणि नवाबाला महसुलाच्या पाचव्या हिश्शाचा पेन्शनर केलं. मग एकदाची खरी चौकशी बसली. तिच्यापुढे आलेले दावे 3 कोटी पौंडांच्या वर होते. पंचवीसएक वर्षं कागद तपासल्यावर खरे ठरले त्यातले दहाव्या हिश्शाहूनही कमी.

1855 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटचा नवाब निपुत्रिक वारला. डलहौसीच्या सरकारने नवाबी खालसा केली. उरलेल्या देण्यांसाठी चेपॉकचा वाडा लिलावात निघाला आणि घेतला कोणी? मद्रास सरकारनेच. बेनफिल्डचं काय झालं म्हणाल, तर तो पार्लमेंटचा सभासद झाला, बँकर झाला, बुडाला आणि 1810 मध्ये पॅरिसला कफल्लक अवस्थेत मेला.

आता परत माझ्या मित्राकडे. त्याचा कागद मी पाहिला. आकडे सोपे करून सांगतो. 2021 मध्ये 50 लाखांचं कर्ज, 6.7 टक्के, 20 वर्षं. हप्ता जवळपास 37,900. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. समजा तुमचं व्याज तेवढंच वाढून 9.2 झालं आणि हप्ता तोच ठेवला. दोन वर्षं भरून मुद्दल उरलं साधारण साडेसत्तेचाळीस लाख. त्याचं महिन्याचं व्याजच 36,400. म्हणजे 37,900 मधले मुद्दलात जातात जेमतेम दीड हजार! अठरा वर्षं उरलेलं कर्ज पस्तीस वर्षांचं होतं. हप्ता चुकलेला नाही, तरी अंथरूण आखडलं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला तर कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला ठरवू द्या. माझ्या मित्राने तसं पत्र आलं तेव्हा उघडलंच नव्हतं.

नवाबात आणि त्याच्यात एक मोठा फरक आहे. आज कायदा आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊ शकते, हे खरं. पण 90 दिवस हप्ता थकावा लागतो, मग 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते, लिलावाआधी पुन्हा मुदत असते. ताब्याविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावात देण्यापेक्षा जास्त आले तर उरलेले तुमचे. कमी आले तर मात्र तेही तुमच्याच डोक्यावर.

मित्राने लिलावाची वाट पाहिली नाही. बँकेशी बोलून, गिऱ्हाईक शोधून त्याने फ्लॅट स्वतःच विकला. बायकोचे दागिने सुटले नाहीत. आज तांबरमला भाड्याने राहतो, लहान पगाराची नोकरी करतो. गाडी विकली. मुलीची शाळा तेवढी बदलू दिली नाही.

चेपॉकच्या फाटकाशी उभे असताना तो म्हणाला होता, "नवाबाला निदान वाडा बांधताना कळलं असेल का रे, की हा आपला नाही?" मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला एवढंच विचारलं, घरात किती लोकांना कर्जाचा खरा आकडा माहीत आहे? त्याने मान हलवली. कोणालाच नव्हता.

तुमच्या घरात माहीत आहे का? आज रात्री जेवताना विचारून बघा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.