विद्युत्‌चुंबकीय कुलूप

विजेने चुंबक बनणाऱ्या लोहगाभ्याच्या ओढीने दार बंद ठेवणारे साधन. व्यवहारात याला मॅग्नेटिक लॉक किंवा मॅगलॉक म्हणतात. वेटोळ्याचा चुंबक चौकटीच्या वरच्या बाजूला आणि पोलादी पट्टी दारावर बसते. खटका किंवा किल्ली नसते. आजच्या घडणीचे कुलूप १९६९ मध्ये माँट्रियल फोरम या क्रीडागृहाच्या दारांसाठी तयार झाले. आग लागल्यास प्रेक्षक बंद दारांमागे अडकतील, ही तिथल्या अग्निशमन अधिकाऱ्यांची धास्ती त्यामागे होती. वीज तुटली की दार मोकळे होते, हा या कुलपाचा मुख्य गुण.

बाजारात साधारण २७० व ५४० किलो ओढ पेलणारी कुलपे मिळतात. १२ व्होल्टच्या कुलपाला सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. बाहेर उघडणाऱ्या दाराला एल, आत उघडणाऱ्याला झेड आणि बिनचौकटीच्या काचेच्या दाराला यू ब्रॅकेट लावतात.

बसवताना सर्वाधिक चूक पट्टीच्या बाबतीत होते. ती मधल्या बोल्टवर, रबरी वायसरच्या आधाराने किंचित डुलती राहायला हवी, म्हणजे ती चुंबकाच्या तोंडाला सपाट चिकटते. बोल्ट करकचून आवळला की कागदाएवढी फट उरते आणि तेवढ्यानेही पकड बरीच घटते. रंगाचे थेंब व धूळ यांचाही तोच परिणाम. वायर बारीक असेल तर ३० मीटरवर १२ व्होल्टमधला एखादा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, आणि कुलूप निष्कारण ‘कमजोर’ ठरते.

दार उघडायचे असले की कार्ड किंवा बोटाचा ठसा ओळखणारा रीडर तसे कंट्रोलरला, म्हणजे कुलपाचे नियंत्रण करणाऱ्या पेटीला, कळवतो. कंट्रोलरचा रिले, ‘एनसी’ म्हणजे एरवी जोडलेल्या संपर्कातून जाणारा कुलपाचा पुरवठा, काही सेकंद तोडतो. वेटोळ्यातून उलटणाऱ्या दाबाने रिले जळू नये म्हणून कुलपाच्या दोन टोकांना उलटा डायोड जोडतात. आतले एक्झिट बटण मात्र केवळ कंट्रोलरच्या भरवशावर ठेवू नये. त्याने कुलपाची वीज थेट तोडली पाहिजे, कारण कंट्रोलर अडकला तरी माणसाला बाहेर पडता यायलाच हवे. अग्निसूचना यंत्रणेची जोडणीही तशीच करावी. पुरवठ्याला राखीव बॅटरी जोडलेली असली की मुख्य वीज गेल्यावरही कुलूप धरून राहते, म्हणून ही तोड बॅटरीच्या पुढे, कुलपाच्या वायरवरच असावी.

बॅटरी संपली की दार उघडे पडते. म्हणून वीज तासन्‌तास जाते अशा ठिकाणी, इमारत रिकामी असताना लावायला, साधे यांत्रिक कुलूपही ठेवतात.