तारापूरचें यंत्र कोणाकडून घेतलें?

डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकास चिंचणी आणि खाडीपलीकडे तारापूर, अशीं हीं दोन जुनीं गांवें एकमेकांस लागून आहेत. चिमाजीअप्पांच्या फौजेनें १७३९ सालीं येथील पोर्तुगीज किल्ला जिंकला, एवढीच तारापूरची ओळख इतिहासाच्या विद्यार्थ्यास पुष्कळ दिवस पुरत असे. पुढें याच किनाऱ्यावर भारताचें पहिलें अणुवीजगृह उभें राहिलें. त्याचीं यंत्रें कोणत्या देशाकडून घ्यावीं, हा प्रश्न कसा सुटला याचा वृत्तांत त्या वेढ्याइतकाच ऐकण्यासारखा आहे.

मुंबईस व नव्यानें झालेल्या महाराष्ट्र-गुजरात राज्यांस वीज हवी होती, आणि कोळशाच्या मोठ्या खाणी तर बंगाल-बिहाराकडे. म्हणून १९६० सालीं जगांतील कारखानदारांकडून टेंडरें मागविण्यांत आलीं. भट्टी अमुकच जातीची पाहिजे, अशी अट नव्हती. ब्रिटन व फ्रान्स यांच्या भट्ट्या खाणींतून निघतो तशाच नैसर्गिक युरेनियमवर चालत. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या भट्टीस मात्र समृद्ध युरेनियम लागे. म्हणजे ज्यांतील ज्वलनक्षम अंश मोठ्या खर्चाच्या कारखान्यांत वाढविला आहे, असें. तसा कारखाना भारतापाशीं नव्हता.

घोलवडचा चिकूचा बागाईतदार पंप घेतांना किंमत पाहतो, तसाच पंप दुसऱ्याच्या विहिरीवर चालतांना पाहतो, पैसे हप्त्यानें चालतील काय हें विचारतो. डॉ. होमी भाभांनीं याहून फारसें निराळें केलें नाहीं. त्यांची स्वतःची दीर्घ योजना नैसर्गिक युरेनियम व नंतर थोरियम यांवर उभी होती; तरीहि त्यांनीं अमेरिकन भट्टी पत्करली. ती आकारानें आटोपशीर, म्हणून भांडवली खर्च कमी. त्याच कंपनीची तशीच भट्टी शिकागोनजीक ड्रेस्डेन येथें १९६० पासून वीज देत होती. शिवाय अमेरिकन सरकारनें ८ कोटी डॉलरांचें कर्ज देऊं केलें, ४० वर्षांच्या मुदतीनें आणि अवघ्या पाऊण टक्का व्याजानें! असा सावकार घराशीं चालून आल्यावर त्यास परत कोण पाठविणार?

बागाईतदार आणखी एक प्रश्न विचारतो: पंपास लागणारें तेल आणि सुटे भाग पुढेंहि मिळत राहतील ना? तोहि येथें विचारला गेला होता. ८ ऑगस्ट १९६३ च्या करारानें अमेरिकेनें ३० वर्षें इंधन पुरविण्याचें वचन दिलें आणि भारतानें तें तिच्याचकडून घेण्याचें. कागद पक्का होता. प्रत्येकीं २१० मेगावॅटचीं दोन यंत्रें १९६९ च्या ऑक्टोबरांत वीज देऊं लागलीं.

१९७४ च्या मे महिन्यांत पोखरणची चांचणी झाली. अमेरिकन काँग्रेसनें १९७८ सालीं नवा कायदा केला: ज्या देशाचीं सर्व अणुकेंद्रें आंतरराष्ट्रीय तपासणीस खुलीं नाहींत, त्यास इंधन देऊं नये. भारतानें ती अट मानली नाहीं. इंधन रखडलें, सुट्या भागांचीहि ओढाताण झाली. अखेर १९८२ सालीं उभय सरकारांच्या संमतीनें फ्रान्सनें अमेरिकेची जागा घेतली. त्यानंतर चीन व रशिया यांच्याकडे जावें लागलें. यंत्र एकदांच विकत घेतलें, परंतु त्याचा पुरवठादार मात्र चार वेळां शोधावा लागला. वाफेच्या दुय्यम उपकरणांतील नळ्या गळूं लागल्यामुळें दोन्ही यंत्रांची शक्ति १६० मेगावॅटवर आणावी लागली, ती गोष्ट वेगळीच.

भाभांस दोष देणें आज सोपें आहे. पण राजस्थानांतील भट्ट्यांसाठीं त्यांनीं त्याच सुमारास कॅनडाची निवड केली होती, आणि तेथें नैसर्गिक युरेनियम वापरण्याचें ठरलें होतें. पोखरणनंतर कॅनडानेंहि हात आखडता घेतला. तरी तेथील दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांनीं १९८१ पर्यंत पुरी केली. एकाच खरेदीदारानें दोन दुकानें पाहिलीं होतीं. दोघांनींहि दारें लावलीं, पण एकाकडून घेतलेली विद्या घरीं वाढवितां आली.

त्याच विद्येवर तारापूरच्या जुन्या भट्ट्यांशेजारीं प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि २००५ व २००६ सालीं चालू झाल्या. रचना येथलीच, इंधन नैसर्गिक युरेनियमचें. पहिल्या जोडीसाठीं समृद्ध युरेनियम मात्र पुढेंहि समुद्रापलीकडूनच आणावें लागलें.