तंबूचे कापड : पाणी आणि आग

पावसात न भिजणारे कापड आणि आगीत न पेटणारे कापड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक माणसाला फार महाग पडला आहे.

६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात रिंगलिंग ब्रदर्स सर्कसचा दुपारचा खेळ चालू होता. तंबूत सुमारे ७,००० प्रेक्षक होते. कडेच्या कनातीला लागलेली आग छतापर्यंत पोचली आणि साधारण दहा मिनिटांत सारा तंबू खाली आला. हिंस्र प्राण्यांना ने-आण करण्याच्या जाळीदार बोगद्यांनी काही वाटा अडवल्या होत्या. या आगीत १६७ माणसे दगावली. आग कशी लागली याबद्दल मतभेद आहेत. ती इतक्या झपाट्याने का पसरली, हे मात्र स्पष्ट आहे. कापड जलरोधक व्हावे म्हणून पॅराफिन मेण पेट्रोलमध्ये विरघळवून त्यावर फासले होते. पेट्रोल उडून गेले, मेण धाग्यांत राहिले. सारा तंबू म्हणजे एक प्रचंड मेणबत्तीच झाली आणि सुती धागे तिची वात!

मग अग्निरोधक कापड तेव्हा ठाऊक नव्हते काय? तसे नाही. तुरटी व टाकणखार वापरून कापडाची ज्वलनशीलता कमी करण्याचे एकस्व इंग्लंडमध्ये ओबेडाया वाइल्ड यांनी १७३५ मध्येच घेतले होते. नाट्यगृहांतील आगी रोखण्यासाठी फ्रान्सचा राजा अठरावा लुई याने गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाकडे काम सोपवले. अमोनियम फॉस्फेट, अमोनियम क्लोराइड व टाकणखार यांची मिश्रणे प्रभावी ठरतात, हे त्यांनी १८२१ मध्ये दाखवले.

यामागील कारण समजून घेऊ. सुती कापड तापले की त्यातील सेल्युलोजचे विघटन होऊन ज्वलनशील वायू निघतात. ज्योत दिसते ती या वायूंची. फॉस्फेट असल्यास सेल्युलोजमधून पाणी निघून जाते, कोळसा अधिक उरतो आणि ज्वलनशील वायू कमी बनतात.

अडचण एकच : हे क्षार पाण्यात विरघळतात. नाट्यगृहाच्या पडद्याला ते चालतात, पण उघड्यावरच्या तंबूतून पहिल्याच मोठ्या पावसात धुऊन जातात. दुसऱ्या महायुद्धात लष्करी तंबूंसाठी यावर तोड निघाली. क्लोरिनयुक्त पॅराफिन व अँटिमनी ऑक्साइड यांचा लेप पाणी आणि आग या दोहोंना अडवत असे. अर्थात प्रत्येक उपायाची किंमत असते. अशा पॅराफिनांपैकी लघुशृंखलेची संयुगे पर्यावरणात टिकून राहतात, म्हणून २०१७ मध्ये त्यांचा समावेश स्टॉकहोम करारात झाला.

आपल्या देशातील धडा अधिक जवळचा आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली. चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. मंडपाचे कापड कृत्रिम धाग्याचे होते. असे कापड वितळते आणि त्याचे जळते थेंब खालच्या माणसांवर पडतात. त्यात बाहेर पडण्याची वाट अपुरी होती.

आपल्या शाळेचे स्नेहसंमेलनही मंडपातच होते. वर्गात सुती कापडाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या घ्याव्यात. एक टाकणखाराच्या संपृक्त द्रावणात बुडवून वाळवावी, दुसरी तशीच ठेवावी. बादलीभर पाणी जवळ ठेवून शिक्षकांनी चिमट्याने दोन्ही ज्योतीवर धराव्यात. मग पहिलीसारखीच तिसरी पट्टी धुऊन, वाळवून पाहावी. मंडप ठरवताना कंत्राटदाराला कोणते प्रश्न विचारायचे, हे मुलेच सांगतील.