तीन किल्ल्यांची पेटी

तौलनिक साहित्याच्या तासाला चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो कंजूष स्क्रूज बदललाच नसता, तर कारकुनाचे ते पांगळे पोर मेलेच असते ना?" कथेत उत्तर स्पष्ट आहे. मेलेच असते, भविष्यकाळाचे भूत स्क्रूजला तेच दाखवते. विद्यार्थिनीने पुढे म्हटले, "मग त्या मुलाचे जगणे शेठच्या मनावरच अवलंबून राहिले की!"

आपण ही कथा वर्षानुवर्षे 'हृदयपरिवर्तनाची कथा' म्हणून शिकवत आलो. परिवर्तन कोणाचे झाले हे सांगितले. पण परिवर्तनाची वाट पाहणाऱ्याचे काय, हा प्रश्न आपण क्वचितच उभा केला. त्या प्रश्नाचा माग काढू लागलो, की नाताळातील दानाचा, आणि ते दान मागणाऱ्या चर्चचा, एक दीर्घ इतिहास समोर येतो. त्याच्या मध्यभागी एक लाकडी पेटी आहे.

आरंभ पंचांगापासून करू. नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर, पाश्चात्त्य चर्चमध्ये संत स्तेफनाचा दिवस. स्तेफन हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा म्हणून सर्वांना ठाऊक असतो. पण 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तो प्रथम येतो तो वेगळ्याच प्रसंगाने. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. ती मिटवण्यासाठी सात माणसे निवडली गेली. स्तेफन त्यांतला एक. म्हणजे ख्रिस्ती दानधर्माच्या आरंभीच्या कथांपैकी ही एक कथा दानाच्या तुटवड्याची नाही. दान होते, वाटपात पंक्तिप्रपंच होता. 'पंक्तिप्रपंच' हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टरने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. ज्याची ऐपत आणि इच्छा असेल त्याने द्यावे; जमलेले मंडळीच्या प्रमुखाकडे ठेवावे; त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची सोय व्हावी, अशी ती व्यवस्था. त्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतला तेर्तुल्यन हा लेखक मंडळीच्या निधीविषयी लिहितो तेव्हा तो आवर्जून सांगतो, की येथे कोणावर सक्ती नाही. ऐच्छिक दान आणि नियमित वाटप या दोहोंचा मेळ घालण्याची धडपड तेव्हापासूनची आहे.

पेटीला कुलूप केव्हा आले? पोप तिसरा इनोसंट याने ११९९ सालच्या अखेरीस एक पत्र काढून प्रत्येक चर्चमध्ये पोकळ खोडाची पेटी ठेवण्याचा आदेश दिला. तिला तीन किल्ल्या असाव्यात: एक बिशपकडे, एक स्थानिक धर्मगुरूकडे, एक एखाद्या सद्भक्त गृहस्थाकडे. निधी मात्र गरिबांसाठी नव्हता, धर्मयुद्धासाठी होता. इतिहासाचा हा विनोद बाजूला ठेवला तरी तीन किल्ल्यांची कल्पना विचार करण्याजोगी आहे. देणाऱ्याच्या श्रद्धेवर चर्चचा विश्वास होता. किल्ली एकाच हाती ठेवण्याइतका तो कोणावरही नव्हता.

पुढे हीच रचना गरिबांच्या कामी आली. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले आणि मठांच्या दारी मिळणारी भिक्षाही थांबली. सहाव्या एडवर्डच्या नावे १५४७ मध्ये निघालेल्या आज्ञापत्रात प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, वरच्या बाजूस भोक असलेली एक मजबूत पेटी ठेवावी, असा हुकूम आहे. किल्ल्या पुन्हा तीनच: एक धर्मगुरूकडे, दोन चर्चच्या पंचांकडे. धर्मगुरूंनी लोकांना सांगायचे होते, की पूर्वी तीर्थयात्रा, मेणबत्त्या आणि मूर्तींचे साज यांवर जो खर्च करीत होता, तो आता या पेटीत टाका. विशेषतः मृत्युपत्र करताना माणसाला याची आठवण द्यावी, असेही त्यात आहे. मन वळवण्याची योग्य वेळ चर्चला नेमकी ठाऊक होती.

पण मने पुरेशी वळली नाहीत. १५५२ च्या कायद्याने रविवारी लोकांना 'सौम्यपणे' विचारून त्यांनी कबूल केलेली साप्ताहिक रक्कम वहीत लिहून घेणारे नेमले. कोणी नकार दिला तर धर्मगुरूने समजवावे, तरी न ऐकल्यास बिशपने. १५६३ मध्ये समजावणीच्या मागे न्यायाधीश आणि तुरुंग उभे राहिले, १५७२ मध्ये उघड कर आला आणि १६०१ च्या एलिझाबेथकालीन कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. पन्नास वर्षांत दानाचा कर झाला. हा प्रवास धर्मबुद्धीच्या ऱ्हासाचा म्हणून वाचता येतो, तसाच दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो: उपाशी माणसाचा प्रश्न शेजाऱ्याच्या लहरीवर सोडता येत नाही, हे एका समाजाने अनुभवातून मान्य केले.

कर आला तरी डिसेंबरातले देणे संपले नाही. २१ डिसेंबर हा तेव्हा संत थॉमसचा दिवस. त्या दिवशी खेड्यांतल्या गरीब बायका, बहुधा विधवा, खात्यापित्या घरांच्या दारी जात; त्यांना गहू किंवा पैसे मिळत आणि त्या बदल्यात हॉलीची किंवा मिसलटोची डहाळी देत. डहाळी देण्यामुळे तो व्यवहार भिकेहून निराळा होई. अनेक मृत्युपत्रांनीही याच दिवशी पाव किंवा कोळसा वाटण्याची तजवीज करून ठेवली होती.

२६ डिसेंबरच्या 'बॉक्सिंग डे' या नावाचा संबंध पुष्कळदा चर्चच्या दानपेटीशी जोडला जातो. ती पेटी म्हणे त्या दिवशी उघडत. कल्पना मोहक आहे. पण लेखी पुराव्याचे पारडे दुसऱ्या बाजूस झुकते. सतराव्या शतकात शिकाऊ कामगार मातीचा गल्ला घेऊन गिऱ्हाइकांकडून नाताळचे पैसे जमवीत आणि मग तो फोडीत. सॅम्युएल पेपीसने १६६३ च्या डिसेंबरात चांभाराच्या दुकानातील पोरांच्या अशाच पेटीत पैसे टाकल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. हे दान नव्हे. मराठीत याला नेमका शब्द आहे: पोस्त. दिवाळीची पोस्त मागणारा गडी भीक मागत नाही; वर्षभराच्या सेवेची आठवण करून देतो. देणाऱ्याला ते औदार्य वाटते, घेणाऱ्याला हक्क. एकाच नाण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी नाताळच्या सगळ्या इतिहासात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

आता डिकन्सकडे वळू. १८३४ च्या नव्या कायद्याने धडधाकट गरिबांची मदत शक्यतो श्रमगृहाच्या चार भिंतींत कोंडली आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुराहूनही नकोसे असावे, असे तत्त्व ठरवले. १८४३ मध्ये बालकामगारांविषयीचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स अस्वस्थ झाला. त्याला आधी एक पत्रक लिहायचे होते. त्याऐवजी त्याने कथा लिहिली आणि ती १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. कथेच्या आरंभी दोन सद्गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात, तेव्हा स्क्रूज विचारतो, की तुरुंग आणि श्रमगृहे बंद पडली की काय? या प्रश्नात केवळ कंजुषी नाही. 'मी कर भरतो, माझे कर्तव्य संपले' हा युक्तिवाद आहे. १६०१ च्या कायद्याने हक्काकडे नेणारी जी वाट उघडली होती, तिचे रूपांतर इथे हात झटकण्यात झाले आहे.

चर्चला या कथेत जागा किती? नाताळच्या सकाळी स्क्रूज चर्चमध्ये जातो, त्याला एक ओझरता उल्लेख पुरतो. वर्गणी मात्र तो त्या गृहस्थाला रस्त्यात गाठून, कानात रक्कम सांगून देतो. पेटी नाही, वही नाही, पंच नाहीत. दान संपूर्णपणे व्यक्तीच्या अंतःकरणात गेले आहे. कथेची ताकद तिथे आहे आणि विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मूळही तिथेच.

हा प्रश्न त्या काळातही कोणाला पडला नाही असे नाही. जॉर्ज सिम्सच्या १८७७ मधल्या श्रमगृहातील नाताळवरच्या पोवाड्यात जेवणाच्या पंगतीतून एक म्हातारा उठतो. ताटे वाढली आहेत, व्यवस्थापक आणि त्यांच्या स्त्रिया कौतुकाने पाहत आहेत; आणि तो सांगतो, की गेल्या नाताळात याच दारातून मला परत पाठवले आणि माझी बायको उपाशी मेली. ते ताट त्याच्या घशाखाली उतरत नाही. डिकन्सला जोडून ही कविता शिकवावी, असे आम्हांस वाटते.

पेटीने पुढे आणखी एक रूप घेतले. आपल्याकडे मुक्तिफौज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साल्व्हेशन आर्मीचा कॅप्टन जोसेफ मॅकफी याला १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर गरिबांना नाताळचे जेवण घालायचे होते आणि हाती पैसा नव्हता. खलाशी असताना लिव्हरपूलच्या धक्क्यावर पाहिलेले वर्गणीचे भांडे त्याला आठवले. त्याने फेरीबोटीच्या धक्क्याजवळ तिवईवर एक पातेले टांगले. पेटी चर्चबाहेर, रहदारीत आली. आणि धन टाकण्याच्या भोकाच्या जागी अन्न शिजवण्याचे भांडे आले. आपले नाणे कोणाच्या तोंडी लागणार, हे देणाऱ्याला बघताक्षणी कळू लागले.

विद्यार्थिनीला मी त्या दिवशी समाधानकारक उत्तर दिले नाही. आज द्यायचे तर असे देईन. सणाचे आवाहन माणसाला हलवते, हे खरे. चर्चने ते शतकानुशतके ओळखले आणि त्यातून अगणित चुली पेटल्या. पण स्तेफनाला नेमले गेले ते देणाऱ्यांची मने हलवण्यासाठी नव्हे. कोणती विधवा वगळली गेली, हे पाहण्यासाठी नेमले गेले. स्क्रूजने द्यावे, हे उत्तमच. त्याने न दिल्यास पोर मरू नये, याची व्यवस्था हा वेगळा विषय आहे, आणि पेटीला तिसरी किल्ली असते ती त्यासाठी.