पगडी तपासली, तलवार तपासली... मग शिवाशिव कुठं गेली?

ऐतिहासिक मालिका सुरू झाली की आपल्याकडं चार दिवसांत वाद उभा राहतो. जिरेटोप तसाच होता का, तारीख चुकली का, अमक्या सरदाराचं नाव का घेतलं नाही? व्हॉट्सॲपवर पुरावे फिरतात, तहसीलदारांना निवेदनं जातात. चांगलं आहे, इतिहास तपासलाच पाहिजे. पण मित्रांनो, त्या काळात घराघरात असलेली शिवाशिव पडद्यावरून गेली कुठं, हे कोणी विचारत नाही.

बहुतेक मालिकांत वाडा लख्ख असतो आणि माणसंही लख्ख असतात. भेदभाव दाखवलाच तर तो एका खलनायकाच्या तोंडी. एक कपटी भटजी, नाहीतर तिरक्या नजरेचा एक कारभारी. शेवटी त्याला धडा मिळतो आणि विषय संपतो. बाकी सगळे आपले, मनानं स्वच्छ!

खरं काय होतं हे बघायला पुण्या-मुंबईला जायला नको. आपलं कोल्हापूर पुरे आहे.

१८९९ चा कार्तिक महिना. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर काय मिळालं? शूद्रांना पुराणोक्तच! करवीरच्या छत्रपतींना हे ऐकावं लागलं. प्रकरण पुढं काही वर्षं पेटत राहिलं. खुद्द लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त वेदोक्ताच्या मागणीवर टीकेचे अग्रलेख लिहिले. आता टिळकांना खलनायक म्हणायचं का? अजिबात नाही. पण एवढा मोठा माणूसही त्या बाजूला उभा राहिला, यावरून तो समज किती खोलवर मुरला होता ते कळतं.

इथंवरचा इतिहास आपल्यातले बरेच जण आवडीनं सांगतात, कारण यात दोष दुसऱ्याचा आहे. पुढचा मात्र घशाखाली उतरत नाही.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. मारणारे कोण? भटजी नव्हेत, सोबत काम करणारे मराठा नोकर. तेही राजर्षी शाहूंच्या स्वतःच्या पागेत! महाराज परगावाहून परतल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः खडखडा थांबवून तिथं चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले.

ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. पण भाषणात चहा असतो, हौद नसतो. हौद गाळला तर उरतो फक्त एक दिलदार राजा आणि एक कप चहा.

आपल्या तालुक्यातलंच बघा. पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं मोहिमा निघतात, तेव्हा मलकापूरचीही पोरं चालतात. जुलै १६६० मध्ये महाराजांच्या वेशात पालखीत बसून शिवा काशीद शत्रूच्या गोटात गेले आणि त्यांनी जीव दिला. तो प्रसंग पडद्यावर आला की डोळ्यांत पाणी येतं. पण नाभिकाचं घर गावगाड्यात कुठल्या पायरीवर होतं? बलुत्यासाठी त्याला कोणाच्या खळ्यावर उभं राहावं लागायचं? पालखी वाहणारे भोई कोण होते? एवढ्या उंचीचं बलिदान दिलं कोणत्या पायरीवरच्या माणसानं, हेच आपल्याला दिसत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही तेच होतं. 'उंच माझा झोका'मधली छोटी रमा घरोघरी लाडकी झाली. आता हिशेब मांडा. १८७३ मध्ये ३१ वर्षांच्या विधुर न्यायमूर्ती रानड्यांचं लग्न ११ वर्षांच्या मुलीशी झालं. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता सुधारक वडिलांच्या हट्टापुढं वाकला. यात रानड्यांची बदनामी नाही. रूढीची पकड कसली होती, ते यातून कळतं.

आणि फुले? १८४९ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं ते जोतिरावांच्या सख्ख्या वडिलांनी. त्यांच्यावरची 'सावित्रीजोती' ही मालिका २०२० मध्ये आली आणि प्रेक्षक कमी म्हणून वर्षाच्या आत बंद पडली. म्हणजे दोष एकट्या वाहिन्यांचा नाही. आपल्यालाही तलवार बघायला आवडते, शेणाचे गोळे बघायला आवडत नाहीत.

कोणी म्हणेल, करमणूक आहे राव, सोडून द्या. कसं सोडणार? कॉलेजमधली पोरं आज विचारतात, पूर्वी सगळे गुण्यागोविंदानं राहायचे, मग हे आरक्षण कुठनं आलं? त्यांचं काय चुकलं? त्यांनी जे बघितलं त्यात सगळे गुण्यागोविंदानंच राहात होते. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, हे त्यांना कोणी दाखवलं नाही. म्हणून २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम त्यांना आकाशातून पडल्यासारखा वाटतो. शाळा, दवाखाने, पाणवठे यांतली शिवाशिव बंद करायला १९१९ मध्ये महाराजांना हुकूम काढावे लागले. हुकूम काढावे लागले, म्हणजे लोक आपण होऊन सोडत नव्हते. हे 'लोक' कोण? आपलेच पणजोबा.

त्यांना शिव्या घाला असं मी म्हणत नाही. पण आपल्या गावातला पाणवठा कोणासाठी वेगळा होता, शाळेत कोण बाहेर बसायचं, हे घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला एकदा विचारा. अजून सांगणारी माणसं आहेत. आणि पुढच्या मालिकेच्या वेळी निवेदन द्यायचंच असेल, तर जिरेटोपाबरोबर हौदाचंही एक कलम त्यात घाला.