गोदी बांधली कोणी?

गुलामांच्या व्यापाराचा इतिहास दाखविणारे वस्तुसंग्रहालय नगरपालिकेने रहिवाशांच्या करातून का पोसावे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. पाणी, रस्ते, दिवाबत्ती ही नगरपालिकेची कामे. दोन शतकांपूर्वीच्या पापाचे प्रदर्शन हे तिचे काम कसे? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमधील दोन बंदरे पाहिली म्हणजे त्याचे उत्तर सापडते, असे आम्हांस वाटते.

पहिले बंदर हल. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात झुंजलेला विल्बरफोर्स १७५९ साली येथे जन्मला. त्याचे जन्मघर हलच्या नगरपालिकेने १९०३ साली विकत घेतले व १९०६ साली तेथे संग्रहालय उघडले. हलला हे सोपे गेले. या व्यापारात त्या गावाचा हात फारसा नव्हता. आणि सुपुत्राचे स्मारक उभारताना कोणाचीच मान खाली जात नाही.

लिव्हरपूलची गोष्ट निराळी. तेथील पहिली गोदी १७१५ साली खुली झाली, आणि ती नगरपालिकेनेच बांधविली होती. पुढे १८०७ साली बंदी येईपर्यंत लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे ५,००० सफरींत १५ लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली. मेयरच्या खुर्चीवर बसलेले कित्येकजण याच धंद्यातले. १७८८ साली धंद्यावर गदा येणार असे दिसताच नगरपालिकेने पार्लमेंटकडे विरोधाचा अर्ज धाडला, आणि गुलामगिरीला बायबलाचा आधार आहे असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिल्याबद्दल एका धर्मोपदेशकाला १०० पौंड दिले. धंद्याची तरफदारी करणे तेव्हा तिला आपलेच काम वाटले होते!

स्मरणाला मात्र फार वेळ लागला. तेथील काउंटी कौन्सिलने १९८० साली सागरी संग्रहालय काढले. १९८६ साली ते कौन्सिलच मोडीत निघाले आणि संग्रहालये राष्ट्रीय सरकारच्या पदरी गेली. गुलाम-व्यापाराचे दालन १९९४ साली उघडले, तेही एका खाजगी प्रतिष्ठानाच्या देणगीने. नगर कौन्सिलने जाहीर माफी मागितली ती १९९९ साली.

स्वतंत्र संग्रहालय २३ ऑगस्ट २००७ रोजी उघडले. ही तारीख आम्हांस मोलाची वाटते. ती पार्लमेंटच्या कायद्याची नव्हे. १७९१ साली हैतीच्या गुलामांनी जे बंड पुकारले, त्याची ती आठवण आहे. आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो. हक्क वरून मिळतो तसा खालून घ्यावाही लागतो, हे या तारखेत नमूद आहे.

दूरच्या बंदराची ही कहाणी आपणांस अगदीच परकी नाही. अमेरिकेत गुलामांनी पिकविलेला कापूस लिव्हरपूललाच उतरे. १८६१ ते १८६५ च्या यादवीत तो अडला, तेव्हा मुंबईचा कापूस चढ्या भावाने तिकडे गेला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मेयर येतात आणि जातात, नगरपालिका राहते. पूर्वजांची मिळकत ती वारशाने घेते, तसे त्यांचे देणेही तिच्याच माथी येते. १७१५ ची गोदी आमची म्हणावयाची, तर १७८८ चे १०० पौंडही आमच्याच खात्यावर लिहावे लागतात. संग्रहालयाला द्यावयाचा पैसा ही त्या खात्यातील उशिराची परतफेड होय. तिला दानधर्म म्हणू नये.